निळ्या झाकणाचं भांडं

२ फेब्रुवारी, रविवार

नवीन शहर, नवीन घर, नवीन वही. सामान तिसऱ्या मजल्यावर आलं. खुर्चीचा एक पाय जिन्यातच राहिला. लिफ्ट नाही, पण व्यायाम होईल.

मागच्या शहरात चार वर्षांत शेजाऱ्यांशी माझं एकूण बोलणं झालं ते एवढंच : "पाणी आलं का?" इथे तसं होणार नाही. महिन्याभरात सगळा परिसर पायाखाली घालायचा, बिल्डिंगमधल्या सगळ्यांशी जाणंयेणं ठेवायचं आणि आईला पाठवायला परिसराचा नकाशा स्वतः काढायचा. ऑफिसात काम पत्त्यांचंच आहे, त्यामुळे हे अवघड जाऊ नये.

वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायचं. आजचं खरं : सामान वर येत असताना दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. मी खोक्याआड तोंड लपवलं. खोकं मोठं होतं, लपवावं लागलं नाही म्हटलं तरी चालेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

त्याच बाई वर आल्या. काकू म्हण, म्हणाल्या. हातात काचेचं मोठं भांडं, त्याला निळं झाकण, आत बटाट्याची भाजी. पहिल्या दिवशी गॅसची शेगडी सापडत नाही, हे त्यांना न सांगताच माहीत होतं. एकट्या राहतात, मुलगा परदेशात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन बावीस तारखेला, शनिवारी. सोबत कोणीतरी लागतं, सही करायला आणि घरी आणायला. त्यांनी विचारलं, येशील का गं, सकाळी साडेआठला निघायचं. मी म्हणाले, हो. नक्की. काळजीच करू नका. तुम्ही निर्धास्त राहा. (चार वेळा.)

त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, नाहीतर वॉचमनला घेऊन जावं लागलं असतं आणि तो दवाखान्यात रक्त बघून बसतो. मी म्हणाले, डोळ्याच्या ऑपरेशनला रक्त नसतं. त्या म्हणाल्या, त्याला कोण समजावणार?

दुसऱ्याच दिवशी माणूस मिळालं. आईला फोन करून सांगितलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस चांगलं आहे. कुरियर कंपनी, अपुरा पत्ता विभाग. ज्या पार्सलवर पत्ता अर्धा असतो ते माझ्या टेबलावर येतं. मी फोन करते आणि विचारते, जवळची खूण सांगा. सिनियर ताई अकरा वर्षं हेच करतायत. त्या म्हणतात, पत्ता सांगताना माणूस कळतो. डावीकडे म्हणताना निम्मे लोक फोनवरच डावा हात वर करतात. मी दिवसभरात सव्वीस पत्ते पूर्ण केले.

भांडं घासून पुसून ओट्यावर ठेवलंय. आता परत द्यायचं.

पण रिकामं कसं द्यायचं? आमच्या गावात शाळा दूर होती, म्हणून सात वर्षांची होईपर्यंत मला आत्याने घरीच शिकवलं. पाढ्यांच्या आधी तिने जे शिकवलं त्यात हे पहिलं : दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. आणि विकतचं भरून तर मुळीच नाही, ते दुसऱ्याच्या पाटीवरचं उत्तर उतरवल्यासारखं. पाढे विसरले, हे विसरले नाही.

मला येतं ते : चहा, भात, उकडलेलं अंडं. तिन्ही त्या भांड्यात शोभणार नाहीत. आईने दिलेला छोटा ओव्हन आहे. शनिवारी केक. रविवारी भांडं परत. सोपं आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

केक बाहेरून झाला. आत नाही झाला. चमच्याने खाल्ला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दूध आणायला निघाले तर काकू जाळीच्या दाराशी. जिना त्यांच्या दारावरूनच जातो, ही बिल्डिंग बांधणाऱ्याची चूक. त्या काही विचारणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या माझ्या हाताकडे बघतील आणि हातात भांडं नसेल. मी परत वर आले. काळा चहा प्यायले. तोही चांगला असतो.

दुपारी शोध लागला : चपला हातात घेतल्या की जिन्यावर आवाज होत नाही.

मी टाळत नाहीये. भांडं भरलं की मीच जाणार आहे. मध्ये उगाच तोंड दाखवून त्यांना भांड्याची आठवण करून देणं बरं नाही. त्यांना वाटेल, ही भांडं विसरली. त्यापेक्षा मला विसरल्या तर बरं.

आईचा फोन. शेजार कसा आहे, विचारलं. उत्तम, म्हणाले. जाणंयेणं आहे का? म्हणाले, रोज. (जाणंही माझंच, येणंही माझंच, त्यांच्या दारावरून.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

परिसराचा अभ्यास जोरात. काकू संध्याकाळी दारातच खुर्ची टाकून बसतात. सव्वासातला त्यांची मालिका लागते, मग दार बंद. मी साडेसहाला बसमधून उतरते. म्हणजे पाऊण तास मोकळा. हा वेळ फुकट न घालवता मी गल्ल्या बघते. माझ्यासारखी शिस्त फार कमी लोकांत असते.

आतापर्यंत : पाण्याची टाकी. बंद पडलेलं थिएटर, त्याच्या तिकीट खिडकीत आता झेरॉक्स मशीन. शिलाई मशीन दुरुस्त करणारा. एक कुत्रा, त्याचा एक कान उभा, एक पडलेला. त्याच्या कानावरून वळणं लक्षात ठेवायची नाहीत, कारण तो जागा बदलतो.

बाजाराचा मोठा रस्ता नकाशात घेतला नाही. काकू भाजीला तिकडे जातात. तसाही मोठा रस्ता कोणालाही सापडतो, त्यात अभ्यास काय करायचा?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावर किल्लीवाला बसतो. रोज त्याच्यासमोरून तीन वेळा जाते, म्हणून त्याने विचारलं, ताई, किल्ली हरवली का? काल नाही म्हणाले. आज त्याने परत विचारलं, हरवली असेल तर लाजू नका, माणसं दाढी करतानासुद्धा किल्ली हरवतात. नाही म्हणायला जीव होईना. दुसरी किल्ली करून घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केक दुसरा. अंडी फेटताना ऑफिसचा फोन आला, साखर दोनदा पडली. वर फुगला, मग ओव्हनमधून बाहेर काढताना माझ्याकडे बघून खाली बसला. काकूंना साखर चालते का हे विचारायला हवं होतं, हे तेव्हा आठवलं. विचारायला खाली जावं लागेल. खाली जायला केक लागेल.

हे चक्र आहे, पण मी त्यातून मार्ग काढीन.

१६ फेब्रुवारी, रविवार

आणखी एक किल्ली. किल्लीवाला म्हणाला, ताई, तुमच्या घरात माणसं बरीच दिसतात. मी म्हणाले, हो, भरपूर आहेत.

आता माझ्याकडे घराच्या तीन किल्ल्या आहेत. द्यायला माणूस एकही नाही. हे वहीत लिहायची गरज नव्हती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. लंच टाइम, ऑफिसच्या जिन्यात बसून

टेबलावर पार्सल आलं. परदेशातून. काळा चष्मा, ऑपरेशननंतर घालायचा. पत्ता : "टाकीजवळ, दुसरा मजला." खाली काकूंचा नंबर.

सिनियर ताई समोर बसलेल्या. नियम असा की फोन केल्याशिवाय पत्ता पूर्ण करायचा नाही, आपल्याला माहीत असला तरी. मी आवाज बदलला. थोडा नाकातून. म्हणाले, कुरियर ऑफिसमधून बोलते, जवळची खूण सांगा.

काकू म्हणाल्या, टाकी सोडली की थिएटर, थिएटर सोडलं की दुसरी बिल्डिंग. मी घरी नसले तर वर तिसऱ्या मजल्यावर द्या, तिथे एक मुलगी राहते. फार गुणी आहे. शनिवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येणार आहे, मुलगा तिकडून फोन करून करून जीव खात होता, आता गप्प बसलाय. तिच्या हाती दिलंत तर मला दिल्यासारखंच.

मी विचारलं, पिनकोड?

सिनियर ताई म्हणाल्या, सर्दी झाली का गं?

पार्सल संध्याकाळी मी स्वतः नेऊ शकले असते. एकाच बिल्डिंगमध्ये तर जायचं होतं. डिलिव्हरीवाल्याला दिलं. आपल्या ओळखीचा ऑफिसच्या कामात उपयोग करू नये, हे तत्त्व म्हणून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आत्याचं आणखी एक : दिलेला शब्द आपला राहत नाही, ज्याला दिला त्याचा होतो. शनिवारी जायचंच आहे. त्यात शंका नाही. पण त्याआधी भांडं द्यायला हवं. एका हाताने शब्द पाळायचा आणि दुसऱ्या हाताने भांडं दाबून ठेवायचं, हे कोणत्या तोंडाने?

योजना : शनिवारी सकाळी सहाला उठून केक. सातला ओव्हनमध्ये. आठला भांड्यात. सव्वाआठला चपला घालून, आवाज करत, खाली. एका फेरीत भांडंही गेलं, शब्दही पाळला. अठरा दिवस उशीर झाला असं कोणाला वाटणारच नाही, वाटेल की मी मुद्दाम त्या दिवसासाठी थांबले होते.

ही योजना आधी का सुचली नाही? पहिले दोन केक तालीम होते म्हणायचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी जिना चढताना (चपला हातात) जाळीच्या आतून काकूंचा फोनवरचा आवाज. मुलाला सांगत होत्या, अरे, येणार आहे ती, तिने सांगितलंय. पुन्हा विचारायला जाऊन तिला कशाला ओशाळवायचं?

पिठाचं सगळं मोजून वाट्यांत काढून ठेवलं. नकाशावरही शेवटचा हात फिरवला. दवाखाना त्यात नाही हे आत्ता लक्षात आलं, पण मी काकूंबरोबरच जाणार आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

जसं झालं तसं लिहिते.

सहाला उठायचं होतं, पावणेसातला उठले. केक साडेसातला आत गेला. आठ वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं. काकू. नीट नेसलेली साडी, काखेत फाइल, काळा चष्मा केसांवर. पंचवीस मिनिटं आधीच वर आल्या होत्या, मला घाई होऊ नये म्हणून असेल. दोन मजल्यांमधला जिना त्यांना नीट दिसत नाही, तरी.

केकला पंधरा मिनिटं हवी होती.

मी विचार केला : आता दार उघडलं तर ओट्यावरचं रिकामं भांडं त्यांना समोरच दिसेल. पंधरा मिनिटांनी मीच खाली गेले तर भरलेलं दिसेल. पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे. मी श्वास धरून दाराला टेकून उभी राहिले. बेल दुसऱ्यांदा वाजली. मग त्यांनी दारावर हात टेकला असावा, कारण माझ्या पाठीला कळलं. त्या हळूच म्हणाल्या, झोपलीस का गं? झोप, झोप. आठवडाभर धावपळ असते.

मग एकेक पायरी उतरल्याचा आवाज. भिंतीला धरून.

आठ पंचवीसला केक निघाला. पहिल्यांदाच चांगला झाला. तेच वाईट वाटतंय. भांड्यात घातला, झाकण लावलं, खाली पळाले. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, काकू टॅक्सीने गेल्या, मला चल म्हणाल्या होत्या, पण मला ते रक्ताचं जमत नाही. मी म्हणाले, डोळ्याच्या ऑपरेशनला रक्त नसतं. तो म्हणाला, मग तुम्ही का नाही गेलात?

मी दवाखाना कुठे ते विचारलं. मोठ्या रस्त्यावर, म्हणाला, अगदी सरळ. मला सरळ रस्ता येत नव्हता. वीस दिवस मी सगळा परिसर पायाखाली घातला, फक्त काकू जिथे जातात तो भाग सोडून. थिएटरच्या मागून गेले, शिलाई मशीनवाल्याकडे निघाले. तिथून टाकीकडे, तिथून परत थिएटर. शेवटी किल्लीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, किल्ली नाही ना हरवली? मग हातात केक कशाला?

दवाखान्यात पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. काकू बाकावर, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. झालं होतं, सही त्यांची त्यांनीच केली असणार. नर्स आली आणि मोठ्याने म्हणाली, यांच्यासोबत कोण आहे? औषधं समजावून सांगायची आहेत.

मी पाण्याच्या कूलरमागे होते. भांडं पोटाशी धरून. दहा पावलं असतील.

काकूंनी मान वळवली नाही. म्हणाल्या, आहे सोबत. येईल ती. तोवर मला सांगा, मला एका डोळ्याने कळतं.

नर्स म्हणाली, थेंब दिवसातून चार वेळा, स्वतः घालायचे नाहीत, दुसऱ्याने घालायचे.

मी बाहेर आले. का आले, हे लिहायला सकाळपासून शब्द शोधतेय. उशिरा जाणं हे न जाण्यापेक्षा जास्त वाईट दिसतं, असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर बसले. काकू दवाखान्याच्या आयाला धरून टॅक्सीत बसल्या, ते तिथून दिसलं. टॅक्सी गेली.

मग मी केक खाल्ला. सगळा. आधी एक तुकडा, कसा झालाय बघायला.

भांडं पुन्हा रिकामं.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

रात्रभर ठरवलं की सकाळी भांडं त्यांच्या दाराशी ठेवून वर यायचं. बेल वाजवायची नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला उठवू नये.

पण रिकामं? घरात बघितलं. तिसऱ्या केकाबरोबर पीठ संपलं, अंडी संपली. जास्तीचं असं घरात एकच होतं, किल्ल्या. एक किल्ली भांड्यात टाकली. रिकामं तर नाही ना.

चपला हातात घेतल्या. तिसऱ्याच पायरीवर कळलं, काचेच्या भांड्यात किल्ली वाजते. थांबले की थांबायची, चालले की वाजायची. बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखी मी दुसऱ्या मजल्यावर पोचले.

जाळीच्या आतून काकू म्हणाल्या, चपला घाल आधी, फरशी गार आहे.

काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, या बिल्डिंगमध्ये सगळे धाडधाड चढतात. एकच माणूस असा आहे की तो चढतो तेव्हा काहीच ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं मांजर असेल. मग म्हटलं, पोरीला संकोच होतोय. म्हणून सव्वासातला दार लावून घ्यायला लागले, तुला जाता यावं म्हणून.

मी म्हणाले, मालिका?

कसली मालिका, म्हणाल्या. टीव्ही चार महिने बंद आहे. दिसत कुठे होतं मला?

मी खाली बसले.  मी म्हणाले, काल सकाळी मी झोपले नव्हते. त्या म्हणाल्या, माहीत आहे, दाराखालून केकचा वास येत होता. झोपेत कोणी केक करत नाही. आणि फोनवर नाकातून बोलू नकोस, मुलाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याचा चहा सांडला.

मग मी ते विचारलं, जे विचारायचं नव्हतं. दवाखान्यात मला पाहिलंत का?

त्या म्हणाल्या, अगं, डोळा एकच झाकला होता. दुसऱ्याने अंधुक दिसतं, पण कूलरला निळं झाकण नसतं एवढं कळतं मला.

 मग त्या म्हणाल्या, हाक मारणार होते. पण म्हटलं, हाक मारली आणि तू आली नाहीस, तर मला फार वाईट वाटेल. म्हणून नाही मारली.

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडले. तर म्हणाल्या, तू कशाला रडतेस, पाणी माझ्या डोळ्यातून यायचंय. काल रात्रीचे थेंब माझे मीच घातले, निम्मे कानात गेले. ये, हात धुऊन घाल.

घातले. दोन्ही थेंब डोळ्यातच पडले.

भांडं त्यांच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. आत्या, पाटी, केक तिन्ही. त्यांनी भांड्यात हात घालून किल्ली काढली, चाचपली आणि विचारलं, हे काय, आत्याने लोखंड खायला शिकवलंय का? मी म्हणाले, घरात दुसरं काही नव्हतं. माझ्या घराची आहे, तीन आहेत माझ्याकडे. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, ही राहू दे माझ्याकडे. आता बेल वाजवल्यावर उघडलं नाहीस तर मी सरळ आत येईन.

निघाले, तर म्हणाल्या, थांब. आजारी माणसाला बघायला येतात ते सफरचंदंच घेऊन येतात, मी एकटी कुठे खाणार एवढी? भांडं काठोकाठ भरलं. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, अगं, तू किल्ली घालून आणलंस, मग मी रिकामं कसं पाठवू?

म्हणून भांडं परत माझ्या ओट्यावर आहे. निळं झाकण बसत नाही, एवढं भरलंय.

आईचा फोन आला. नकाशा पाठवतेस ना, म्हणाली. म्हणाले, अजून पूर्ण नाही, मोठा रस्ता राहिलाय.

सकाळी सातला थेंब घालायला जायचंय. भांडं इथेच राहील. रिकाम्या हाताने जायचंय.